पावसाला वाईट म्हणणारी बाई

११ जून १९५१, सोमवार

खारवाडीच्या शाळेत रुजू झाले. ही वही मुद्दाम घेतली आहे. दिवसभरात जे चुकले ते लिहून ठेवले तर दुसऱ्यांदा चुकणार नाही, असे वाटते.

आठवीचा वर्ग या गावात यंदाच सुरू झाला. आठवीपासून इंग्रजी, आणि ते शिकवायला मी. वर्गात मुली दोनच. त्यातली सरला ही शाळा समितीचे अध्यक्ष नथू पाटील यांची मुलगी. माझी नेमणूक तात्पुरती आहे. जुलैअखेर तपासणीचे साहेब येतील. त्यांचा शेरा बरा आला आणि समितीची हरकत नसली, तर कायम करतील.

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. आमच्या होळी गावाहून निघताना आबा पानवेलींना पाणी देत होते. मान वर न करता म्हणाले, "जयवंती, तू टिकलीस तर मंदालाही पुढे शिकवायचं. माझ्या भावांची तोंडं मी बंद करीन. नाही टिकलीस तर माझंच तोंड बंद." मंदा माझी धाकटी बहीण. ती माझी पिशवी घेऊन होडीपर्यंत आली.

राहायची खोली बायजाकाकींकडे. त्या नथू पाटलांच्या चुलत बहीण, एकट्याच असतात. आल्या आल्या म्हणाल्या, "बाय, आमच्या न्हानीला दार नाय, गोनपाट हाय. चालंल तर ऱ्हा." मी चालेल म्हटले. तसे ते चालण्यासारखे नाही.

१५ जून

हेडमास्तर दिनानाथ गुरुजी फार सज्जन आहेत. मला खुर्ची दिली, स्वतः बाकावर बसले. म्हणाले, "माझा मेहुणाही इंग्रजीत हुशार. बी.ए.चा एक विषय राहिलाय म्हणून घरीच आहे. पण समितीला बाईच हवी होती, मुली येतील म्हणून. चला, तुमचं भाग्य." इतक्या मोकळेपणाने कोण बोलते?

दुसरे शिक्षक पास्कल सर. गणित-भूगोल त्यांच्याकडे. वटारहून सायकल हाणत येतात आणि आल्यापासून जाईपर्यंत कोणाची तरी टर उडवतात. मला म्हणाले, "सावेबाई, या गावात इंग्रजी येणारी तीन माणसं. एक हेडमास्तर, ते बोलत नाहीत. एक मी, मला कुणी विचारत नाही. आता तुम्ही. जपून असा." यात हसण्यासारखे काय होते ते कळले नाही. ते मात्र हसले.

२६ जून

लावणी सुरू झाली आणि वर्ग ओस पडला. एवढी मोठी मुले, त्यांना घरचे लोक सोडणार कसे? पहाटेपासून चिखलात. हेडमास्तर म्हणाले, "साहेब आले आणि मुलं मुकी बसली तर शेरा तुमच्या नावावर येईल. घोकून घ्या, मोठ्याने घ्या. गावाला ऐकू गेलं पाहिजे की इंग्रजी चाललंय."

मला एक युक्ती सुचली. ज्यांना येता येत नाही त्यांनी बांधावर धडा म्हणायचा. बायका लावणीला गाणी म्हणतातच, तशीच पोरांनी रोपे लावताना इंग्रजी वाक्ये म्हणायची. एकाने सांगायचे, बाकीच्यांनी ओढायचे. ही कल्पना माझीच आहे. पुढे कमीजास्त झाले तर गुरुजींचे नाव घेऊ नये, म्हणून लिहून ठेवते.

२ जुलै

आज हवेचा धडा. हेडमास्तरांनीच निवडून दिला. "साहेब पावसाळ्यात येतात आणि खिडकीबाहेर बोट दाखवून हवा विचारतात. सगळ्या शाळांत दरवर्षीचं आहे," म्हणाले.

पुस्तकात चित्रे सुरेख आहेत. एक गृहस्थ छत्री सावरीत कपाळाला आठ्या घालून चालला आहे. एक बाई वाळत घातलेले कपडे गोळा करीत धावते आहे. एक मुलगा काचेला नाक लावून रडवेला बसला आहे. खाली वाक्ये: इट इज रेनिंग. द वेदर इज बॅड. वी डोन्ट लाइक द रेन. वी वॉन्ट अ फाइन डे. पुढच्या पानावर ऊन पडले आहे आणि तीच माणसे हसत आहेत.

ही वाक्ये सोपी आणि अगदी नेहमीच्या बोलण्यातली आहेत. हवेबद्दल इंग्रज माणूस असेच बोलतो, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. मुलांनी चटकन उचलली. अर्थ सांगताना एक मुलगा म्हणाला, "बाई, पाऊस बॅड कसा?" मी म्हटले, आधी पाठ करा, मग शंका. हे बरे केले नाही. शंकेला तिथेच उत्तर द्यायला हवे होते; पण मला ते येत नव्हते.

६ जुलै

आज खूप बरे वाटले. शाळेतून येताना पाटलांच्या शेताजवळून आले. पोरे ओळीने वाकलेली, गुडघाभर पाण्यात, आणि सरला सांगते आहे: "वी डोन्ट लाइक द रेन!" मागून सगळे: "वी वॉन्ट अ फाइन डे!" रोप खोचायचे आणि शब्द टाकायचा, असा ठेका धरला होता. बायकाही थांबून ऐकत होत्या. नथू पाटील बांधावर उभे होते. मला पाहून म्हणाले, "बाय, पोरगी मडमेसारखी बोलतं हो!" त्यांची छाती फुगली होती. माझीही फुगली असावी.

पास्कल सरांना सांगितले. त्यांनी सायकल उभी केली नि मोठ्याने हसले. मग एकदम थांबून म्हणाले, "सावेबाई, गावाला अर्थ कळला तर तुमची पूजा बांधतील. बंद करा ते."

मत्सर म्हणायचा की काय, समजत नाही.

१२ जुलै

पाऊस नाही. शुक्रवारनंतर एक सरसुद्धा आलेली नाही. आभाळ धुतल्यासारखे निळे, आणि ऊन असे की वैशाख वाटावा. निम्मी शेते लावायची राहिली आहेत. न लावलेली रोपे पेंढ्या बांधून पाण्याशी ठेवली होती, ते पाणीच आटते आहे. बायजाकाकी सकाळी अंगणात येऊन आभाळाकडे बघतात आणि आत जातात.

पुस्तकाप्रमाणे हा फाइन डे.

१६ जुलै

घडले ते क्रमाने लिहिते.

काल एकादशी. पाटलांकडे भजन होते. मला बोलावणे नव्हते. बायजाकाकी गेल्या होत्या, हेडमास्तर टाळ वाजवायला होते. काकी परतल्या त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

आज सकाळी विहिरीवर गेले. बायका पाणी भरत होत्या. मी कळशी पुढे केली तर एकीने रहाट धरून ठेवला. "तुला कशाला पानी? तुला तर ऊन पायजे ना?" दुसरी म्हणाली, "हीच ती, पावसाला शिव्या देनारी. आन् आमच्या पोरांच्या तोंडून! आमच्याच शेतात!" एक म्हातारी तर माझ्या पायाजवळ थुंकली. मी रिकामी कळशी घेऊन परत आले. वाटेत पोरे ओरडली, "उन्हाळीबाई! उन्हाळीबाई!" त्यातला एक माझ्याच वर्गातला.

लावणीच्या ऐन दिवसांत, पाण्यात उभे राहून, गावच्या लेकरांनी रोज ओरडून सांगितले की आम्हाला पाऊस आवडत नाही, आम्हाला ऊन हवे. आणि पाऊस गेला. त्यांच्या जागी मी असते तर मला तरी काय वाटले असते? पण मी त्यांच्या जागी नाही. मी कळशी घेऊन उभी होते.

अर्थ कोणी सांगितला? इंग्रजी येणारी माणसे तीन.

१७ जुलै

पास्कल सरांशी बोलणे बंद केले. मधल्या सुट्टीत त्यांनी विचारले, "विहिरीवर काय झालं म्हणे?" मी डबा उचलून खिडकीकडे तोंड करून बसले. पूजा बांधतील म्हणाले होते ना? आता बांधली.

हेडमास्तरांनी मात्र धीर दिला. "मी तुमची बाजू मांडली, जयवंतीबाई. पोरसवदा बाई आहे, तिचा हेतू वाईट नव्हता, असं पाटलांना निक्षून सांगितलं. पण लोक पेटलेत. तुम्हाला घरी जावंसं वाटलं तर मी अडवणार नाही. वर्गाचं काहीतरी करीन." मला रडू आले. घरी जाणार नाही म्हटले.

१९ जुलै

पाटलांच्या ओटीवर बोलावले. समितीचे लोक, शिवाय अर्धा गाव अंगणात. मला बसायला सांगितले नाही.

पाटील म्हणाले, "हे बघ बाय, आमी अडानी मानसं. पन पावसाला वाईट बोलायचं नसतं, येवढं कलतं. तू पोरांना शिकवलंस का नाय, ते सांग."

पुस्तकात तसे आहे, असे म्हणता आले असते. धडा हेडमास्तरांनी निवडला, असेही म्हणता आले असते. पण बांधावर म्हणायला मीच सांगितले होते. मी म्हटले, "शिकवलं."

"पावसाचा आन् तुझा काय दावा? तुमच्या होळीला काय खातात, ऊन खातात?"

अंगणात हशा झाला. मग कोणी काय, कोणी काय. एक म्हणाला हिला आजच होडीत घाला. शेवटी पाटलांनी हात वर केला. रविवारी महादेवाचा गाभारा भरायचे ठरले आहे. घरटी माणसाने कळशी न्यायची आणि पिंडी बुडेपर्यंत पाणी घालायचे; पाऊस ओढ देतो तेव्हा या गावात असेच करतात. "तवा तुझी पोरं रांगंत उभी राहतील," पाटील म्हणाले, "आन् ज्या भाषेत शिवी दिली, त्याच भाषेत माफी मागतील. मराठीत मागून काय उपेग? त्याला इंग्रजीत लागलंय."

हेडमास्तर म्हणाले, "योग्य बोललात."

मी शिक्षिका आहे. मुलांना ढग कसे होतात तेही शिकवते. हे करणे बरोबर नाही. नाही केले तर होडी. आणि मंदा.

मी करते म्हटले.

२१ जुलै

दोन दिवस पुस्तक चाळते आहे. पावसाला बरे म्हणणारे वाक्य मिळत नाही. ओले पाय, वाया गेलेली सहल, सर्दी, चिखल, बंद खिडक्या. या पुस्तकात पाऊस आवडणारे माणूस एकही नाही. थंडीलाही नावे ठेवली आहेत. ऊन तेवढे चांगले. तिकडे भात पिकत नसेल, त्यांचे ते खरे असेल. पण मी रविवारी कोणत्या तोंडाने काय म्हणवून घेऊ?

शेवटी स्वतःच रचले: रेन, यू आर गुड. कम टु अवर फील्ड्स. व्हेन इट रेन्स, इट इज अ फाइन डे. व्याकरणात चूक नाही, दहादा पाहिले. पण असे कोणी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. जाणूनबुजून न चालणारे इंग्रजी शिकवायची ही पहिली वेळ.

बायजाकाकींनी आज दुधाचा पेला खोलीबाहेर उंबऱ्याशी ठेवला. आत आल्या नाहीत.

२२ जुलै, रविवार

झाले. देवळासमोर वर्ग उभा केला. सगळी मुले आली होती. लावणी नाहीच तर कुठे जातील? बायका कळशा घेऊन आत जात, रित्या कळशा घेऊन बाहेर येत. मी सांगत होते, मुले म्हणत होती. "व्हेन इट रेन्स, इट इज अ फाइन डे." पाटील मध्येच ओरडले, "मोठ्यानं! त्या येळी कसं बोंबलत व्हते!" मुलांनी बेंबीच्या देठापासून म्हटले. एका म्हातारीने मला मागून कोपराने ढोसले: "तू पन बोल. तूच शिकवलंस ना?" मीही म्हटले.

मग पाटलांनी हेडमास्तरांना सर्वांसमोर विचारले, "बरोबर बोलले ना?" गुरुजी म्हणाले, "शब्द बरोबर आहेत. मनापासून आहेत का, ते देव जाणे." सज्जन माणसे कधी कधी अवेळी खरे बोलतात.

ऊन तसेच.

२३ जुलै

पास्कल सर मुद्दाम माझ्या वर्गाच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "आमच्याकडे फादरांनीही प्रार्थना ठेवली काल. लॅटिनमध्ये. पाऊस तुमच्या इंग्रजीवर रुसला असेल तर लॅटिनने समजूत पडेल." वर्ग हसला. मी दार लावून घेतले.

२६ जुलै

पहाटेपासून कोसळतो आहे. कौलांचा आवाज असा की स्वतःचे बोलणे ऐकू येत नाही. गाव शेतात पळाले. मला वाटले, आता तरी. विहिरीवर गेले. रहाट कोणी धरला नाही, पण जागाही कोणी दिली नाही. "आमच्या पान्यानं आला," एक बाई म्हणाली. "हिच्या वाचूनच आला असता." म्हणजे गेला तो माझ्यामुळे, आणि आला तो माझ्यामुळे नाही.

२८ जुलै

तपासणी मंगळवारी. साहेब हवा विचारणार. मुलांच्या तोंडात देवळातली वाक्ये बसली आहेत. "इट इज अ फाइन डे" असे भर पावसात म्हणाली तर शेरा ठरलेला. उलट पुस्तकातली वाक्ये पुन्हा घोकून घ्यावी, तर गाव जिवंत ठेवणार नाही.

हेडमास्तर म्हणाले, "बॅड वेदरच म्हणवून घ्या. साहेब खूश झाले की झालं. पाटलांना काय कळतंय?"

पण त्यांना मागच्या वेळी कळले होते.

मधला मार्ग काढला. इट इज अ वेट डे. ओला दिवस. यात पावसाची निंदा नाही, स्तुती नाही, आणि साहेबांनाही चालेल. आज दिवसभर एवढेच घेतले. मुले म्हणाली. म्हणताना दारातून बाहेर बघत होती, कोणी ऐकते का म्हणून.

३१ जुलै, मंगळवार

साहेब होडीतून भिजत आले. बूट काढून पाणी ओतले, ते पाहून मुले हसली. तिथूनच बिनसले.

मागच्या बाजूला हेडमास्तर. दारात नथू पाटील, डोक्यावर घोंगडी, अंगठे चिखलाचे. शेतातून उठून आले होते. साहेबांनी गणित पाहिले, भूगोल पाहिला. पास्कल सरांना एक चांगला शब्दही दिला. मग खिडकीबाहेर बोट दाखवले. बाहेर धो धो. "व्हॉट सॉर्ट ऑफ डे इज इट?"

मी मुलांकडे पाहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती, पाटलांकडे. आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "इट इज अ फाइन डे, सर!"

साहेबांना थट्टा वाटली. बूट पाहून हसलेलीच ही पोरे. त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच, आणखी मोठ्याने. मग सरला उठून उभी राहिली. तिला मी काही सांगितलेले नव्हते. "रेन हॅज कम, सर. इट इज अ फाइन डे." पहिले वाक्य तिचे स्वतःचे होते.

साहेब माझ्याकडे वळले. इंग्रजीत म्हणाले, हे उत्तर बरोबर आहे काय?

नाही, एवढेच म्हणायचे होते. मुलांना ओरडायचे होते, ओला दिवस म्हणवून घ्यायचे होते. शेरा बरा आला असता. मी उभी होते आणि बाहेर शेवटची शेते लावली जात होती. मी इंग्रजीत म्हटले, "पुस्तकाप्रमाणे उत्तर चूक आहे. पण सर, आजचा दिवस या गावाला चांगला आहे."

"मी हवा विचारली," साहेब म्हणाले, "गावाचं मत नव्हे."

इतके शांतपणे म्हणाले की बहुतेक मुलांना ते रागावले हे कळलेच नाही. शेरा काय दिला ते हेडमास्तरांनी नंतर सांगितले: वर्गाला साधी हवा सांगता येत नाही आणि शिक्षिका उलट उत्तरे देते. ही बाई राहिली तर आठवीच्या वर्गाचा विचार करावा लागेल.

एक गोष्ट राहिली. मी बोलले तेव्हा पाटलांनी हेडमास्तरांना खुणेने बोलावून विचारले. गुरुजी त्यांच्या कानाशी वाकले. मला बरे वाटले. निदान पाटलांना तरी कळेल, मी काय म्हटले ते. पण पाटलांचा चेहरा दगडासारखा झाला आणि ते घोंगडी झटकून निघून गेले.

१ ऑगस्ट

पुन्हा पाटलांची ओटी. आज अंगणात कोणी नव्हते. समितीचे दोघे, पाटील, हेडमास्तर.

पाटील म्हणाले, "साहेबापुढं परत तेच बोललीस, बाय. भर पावसात, माझ्यासमोर. पोरं चांगला दिस बोलतात आन् तू बोलतेस चूक."

मी हेडमास्तरांकडे पाहिले. ते म्हणाले, "मी फक्त सांगितलं. चूक हा शब्द तुम्ही वापरला की नाही, जयवंतीबाई?"

वापरला होता. मी हो म्हटले.

"झालं तर," पाटील म्हणाले.

"पण वाक्य तिथे संपलं नव्हतं."

"पुढचं मला पावसात ऐकू आलं नाही," हेडमास्तर म्हणाले.

सरला चहाचे पेले घेऊन आली होती. ते खाली न ठेवताच म्हणाली, "मना आईकू आलं."

"तू आत जा," पाटील म्हणाले.

ती गेली नाही. तिने माझे वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत म्हटले, दोन्ही तुकडे. मग बापाला म्हणाली, "बाई बोलल्या, पुस्तकापरमानं चूक हाय, पन आजचा दिस आपल्या गावाला चांगला हाय. साहेब त्याच्यावरूनच चिडला."



"मुलगी आहे. बाईंना धरून बोलणारच," हेडमास्तर म्हणाले. "एवढं इंग्रजी तिला अजून कुठलं कळायला?"

पाटील त्यांच्याकडे बघत राहिले. "मास्तर, तपासनीला ती उठून बोलली तवा तर तुमी बोललाव, पोरगी शिकली म्हनून. आता बोलताव कलत नाय. दोनातलं कंचं धरू?"

हेडमास्तरांनी पेला उचलला. चहा कढत होता तरी प्यायले.

मला वाटले, आता पाटील मला राहा म्हणतील. ते म्हणाले नाहीत. "साहेबाचा शेरा तर वाईटच हाय. तू ऱ्हायलीस तर वर्ग जाईल. ह्या महिन्याअखेर जा." मग बाहेर पागोळ्यांकडे बघत, "तवर शिकीव."

"माझा मेहुणा सोमवारी येऊ शकेल," हेडमास्तर म्हणाले. "बाईंना इतके दिवस थांबवायचं कारण नाही."

"येऊ दे महिन्याअखेर. पावसात आईकू येतं का, ते आधी बघू."

पाटलांनी माझी माफी मागितली नाही. मीही आज मागितली नाही.

गुरुजींबद्दल एक विचार मनात येतो आहे. एकादशीच्या भजनापासूनची एकेक गोष्ट ओळीने उभी राहते. पण पुराव्याशिवाय कोणाबद्दल लिहू नये. लिहीत नाही.

२ ऑगस्ट

आबांना पत्र टाकले. मी टिकले नाही, एवढेच लिहिले. कारण भेटीत सांगेन. काकांना तोंडे उघडायला मिळाली. मंदाचे नाव पत्रात घालायचे धैर्य झाले नाही.

पास्कल सरांना आज नमस्कार केला. "बोलायला लागलात?" ते म्हणाले. "म्हणजे जाणार असाल." मग सायकलला टांग मारता मारता, "आमच्या वटारला मुलींना शिकवणारं कुणी आहे का, विचारतात अधूनमधून लोक. शाळा नाही, पडवी आहे. गोणपाटही नाही." हे थट्टेने की खरे, त्यांच्याबाबत कधी कळत नाही. उद्या विचारणार आहे. तिथे मंदालाही बसवता येईल का, तेही.

३ ऑगस्ट

पुस्तकातला पुढचा धडा थंडीचा. चूल, लोकरीचे हातमोजे, शिंकणारी म्हातारी.

पुस्तक टेबलावर ठेवले आणि मुलांना मराठीत विचारले, "तुमच्या घरी थंडी आली की काय होतं?" आधी कोणी बोलेना. चुकीचे बोललो तर पुन्हा देवळासमोर उभे करतील, असे वाटले असावे. मग मागून एकजण म्हणाला, मिठागराचे बांध घालतात. दुसरा म्हणाला, वाल पेरतात. सरला म्हणाली, भात झोडून झालेलं असतं, आई दुपारी निजते. वर्षात तेवढंच निजते. एक पोरगा म्हणाला, बाबाला दमा होतो, आमच्याकडं थंडी वाईट. त्यावर दुसरा म्हणाला, आमच्याकडं चांगली, मासली सुकतं.

चांगली की वाईट, यावरून दोघांचे जुंपले. मी थांबवले नाही. एकेक वाक्य फळ्यावर इंग्रजीत लिहिले, ज्याचे त्याच्या नावाने. कोठे कोठे शब्द अडला. मिठागराचा तर मलाच शब्दकोशात पाहावा लागला, आणि पाहते आहे हे मुलांना दिसू दिले. ही वाक्ये इंग्रज माणूस बोलेल की नाही, मला माहीत नाही. परीक्षेत असे लिहून गुण मिळणार नाहीत, हेही त्यांना स्पष्ट सांगितले. एकजण म्हणाला, "मंग परीक्षेत शिंकनारी म्हातारी लिवू, बाई."

दाराबाहेर हेडमास्तर येऊन उभे राहिले होते. फळा वाचत होते. मी पुढचे वाक्य मोठ्याने म्हणवून घेतले, आणि मुलांनी या वेळी दाराकडे पाहिले नाही.